गोऱ्या वहिनींची शिकवणी

पेणमध्ये राहून मी सगळा जन्म डच भाषेवर काढला, असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे नक्की काय करायचात?" पेणमध्ये माणूस गणपती करतो, पोहे-पापड करतो, फार तर गाडी पकडून पनवेलला नोकरीला जातो. डच कोण करतो? रामवाडीतल्या आमच्या एका शेजाऱ्यांची तर बरीच वर्षं समजूत होती, की डच हे रंगात घालायचं कसलंतरी रसायन आहे आणि मी त्याचा एजंट आहे. मी कधी खोडून काढलं नाही. एजंटाला गल्लीत जरा मान असतो.

खरी हकिगत अशी. रोह्याला धाटावच्या एमआयडीसीत मी एका कंपनीत स्टोअरमध्ये होतो. कंपनीने हॉलंडमधली एक जुनी यंत्रणा सुटी करून बोटीने आणली. तिच्याबरोबर कपाटभर माहितीपुस्तकं आली, आणि ती सगळी डचमध्ये. इंग्रजी प्रत मागवावी हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. साहेबांनी सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, "पेणचा कोण हाय रे तुमच्यात? तिकडे गणपतीच्या कारखान्यात एक गोरी बाई हाय ना? जा, शिकून ये तिच्याकडून." माझी निवड गुणांवर झाली नाही, पत्त्यावर झाली.

ती गोरी बाई म्हणजे मारायके. पेणमधलेच श्रीधरअण्णा शिकायला हॉलंडला गेले होते, ते पदवी आणि ही बायको घेऊन परत आले. पदवी कपाटात गेली आणि अण्णा बापाच्या गणपती कारखान्यात बसले. लग्नात सासूबाईंनी सुनेचं नाव मीरा ठेवलं, पण गावाने ठेवलेलं नाव जास्त टिकलं. अख्ख्या पेणला ती गोऱ्या वहिनी.

पहिल्या दिवशी मला उशीर झाला. एसटीच्या नावाने खडे फोडत मी कारखान्यात शिरलो. वहिनी एका मूर्तीच्या पितांबराचे काठ रंगवत होत्या. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "उद्या या. वेळेवर." झालं, शिकवणी संपली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेलो, तर वेळ होईपर्यंत त्यांनी मला ओट्यावर उभं ठेवलं. वेळेवर म्हणजे लवकरही नाही, हा माझा पहिला धडा.

एरवी त्या बाजारात कोळणीशी अशा भांडायच्या की कोळीण हात जोडून म्हणायची, "ने गो बाय, फुकट ने." पण शिकवणीच्या वेळात मराठीचा एक शब्द नाही. मी कितीही चाचपडलो तरी त्या ब्रश हातात धरून माझ्या वाक्याची वाट बघत बसायच्या. समोर जे असेल ते दाखवून शिकवायच्या, आणि समोर होते गणपती. त्यामुळे मला पहिले डच शब्द आले ते सोंड, कान, पोट आणि उंदीर. कंपनीच्या पुस्तकांत यातलं एकही नव्हतं. पहिला डच इंजिनिअर धाटावला आला तेव्हा मी लवचिक पाइपला सोंड म्हणालो. त्याला ते इतकं आवडलं की तो असेपर्यंत सगळा प्लँट त्या पाइपला सोंडच म्हणायचा.

ह्या इंजिनिअर लोकांची एक खोड होती. मी डचमध्ये जरा अडखळलो की ते लगेच इंग्रजीत बोलायला लागायचे. त्यांना वाटायचं आपण सभ्यपणा करतोय. मी रात्रंदिवस घासून तयार केलेलं वाक्य तोंडातच विरघळायचं. वहिनींकडे तक्रार केली तर त्या म्हणाल्या, "आमच्या लोकांना आपली भाषा दुसऱ्याने बोललेली सहन होत नाही. फुकट त्रास नको म्हणून ते इंग्रजीत शिरतात."

दुभाष्याचा धंदा बाहेरून वाटतो तसा अक्कलहुशारीचा नसतो. एकाने म्हटलं ते दुसऱ्याला पोचवायचं. तिखटमीठ लावायचं नाही आणि आपल्याला आवडलं नाही म्हणून गाळायचंही नाही. वहिनींनी हे मला दम देऊन शिकवलं होतं. एकदा एका इंजिनिअरने आमच्या मॅनेजरांना विचारलं, "ही टाकी तुम्ही धुतलीय, की नुसती पूजा केलीय?" मी जसंच्या तसं सांगितलं. मॅनेजर कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण टाकी धुतली गेली.

आता मुद्द्याची गोष्ट. जी बाई मला एका चुकीच्या उच्चारासाठी अर्धा तास बसवून ठेवायची, तिने स्वतःच्या मुलाला, श्रीरंगला, डचचा एक शब्द शिकवला नव्हता. मी एकदा विचारलंच. म्हणाल्या, "कशाला? तिकडे आता गाईंनाही इंग्रजी कळतं." त्यांचा भाऊ ऑस्ट्रेलियात गेलेला, मावशी कॅनडात. दोन्हीकडची पोरं फाडफाड इंग्रजी बोलणारी, आणि आजीचं पत्र आलं की वाचायला शेजारी शोधणारी. "आम्ही डच लोक बोटीत चढलो की आधी भाषा समुद्रात टाकतो," वहिनी म्हणायच्या, "बाकीचं सामान पोचतं." हे सांगताना त्यांना वाईट वाटत नव्हतं, उलट अभिमान वाटायचा. आपण कुणावर ओझं झालो नाही, याचा अभिमान.

बाकीचं सामान म्हणजे काय, ते पेणने पाहिलं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत वहिनींनी घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस लिहिलेलं एक कॅलेंडर संडासात टांगलं. हॉलंडमध्ये ते तिथेच टांगतात. रोज जायचंच, म्हणजे कोणाचा वाढदिवस विसरायला नको, असा त्यामागे सरळ हिशोब. पण आमच्याकडे कॅलेंडर म्हणजे संकष्टी, एकादशी आणि वर देवाचं चित्र. सासूबाई सकाळी आत गेल्या आणि तशाच बाहेर आल्या. "अगो, देवाला संडासात टांगलंस?" वहिनी समजावत होत्या की ह्यात देव नाही, तिथी नाही, वारसुद्धा नाही. "वार नाही, तिथी नाही, मग कॅलेंडर कसलं ते?" मग सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि त्यात स्वतःचं नाव दिसलं. त्यानंतरचं मी इथे लिहीत नाही.

तडजोड म्हणून कॅलेंडर कारखान्यात रंगांच्या फळीवर गेलं. तिथून दुसरं खूळ सुरू झालं. डच घरात वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन सगळ्यांचं करतात. बापाचा वाढदिवस असेल तर मुलाचंही, बायकोचंही, आलेल्या शेजाऱ्याचंही. गोल करून खुर्च्या मांडायच्या, आणि येणाऱ्याने एकेकाचा हात हातात घेऊन म्हणत जायचं, "खेफेलिसिटेर्त." कारखान्यातले कामगार मातीचे हात पुसून निमूट गोलात बसायचे, कारण शेवटी पेढा मिळायचा. श्रीरंगला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शाळेतले मित्र खिडकीतून बघून खिदळायचे. जरा मोठा झाल्यावर तो आईच्या वाढदिवसाला घरी थांबेनासा झाला.

माझ्या धंद्यातली एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. रोह्याजवळच्या एका गावात केपटाऊनहून एक वयस्क जोडपं आलं. त्यांचे आजोबा त्या गावचे, कोकणी मुसलमान, बोटीने आफ्रिकेला गेलेले. नातवाला आजोबांचं घर बघायचं होतं. गावकरी मराठी-कोकणीत बोलत होते, पाहुणे इंग्रजीत. त्यांची कोकणी दोन पिढ्यांपूर्वीच गेली होती. इंग्रजी येणारा माणूस म्हणून मला नेलं होतं. सगळं आटपल्यावर जेवणं झाली, आणि नवरा-बायको आपापसात तिसऱ्याच भाषेत कुजबुजायला लागले. ती आफ्रिकान्स, म्हणजे डचचीच आफ्रिकेत वाढलेली लेक. मला निम्म्याहून जास्त कळत होती. बायको म्हणत होती, "हे घर तुझ्या आजोबांचं नाहीच. पण ही माणसं एवढं वाढतायत, आता तोंड उघडू नकोस." मला कोणी भाषांतर करायला सांगितलं नव्हतं, म्हणून मी गप्प बसलो. ते गाडीत बसताना मी त्यांच्याच भाषेत फक्त "टॉट सीन्स" म्हणालो, म्हणजे पुन्हा भेटू. बाईंचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

पुढे कंपनी विकली गेली, इंजिनिअर यायचे थांबले, मी निवृत्त झालो. आता हे ज्ञान गणपतीबरोबर विसर्जित करायचं असं म्हणत होतो, तेवढ्यात नवं गिऱ्हाईक उभं राहिलं. नवरा हॉलंडमध्ये आणि बायको इकडे, अशा मुली. तिकडच्या सरकारचा नियम असा, की साध्या नोकरीवाल्याने बायको आणायची तर तिने आधी इथेच डचची परीक्षा द्यायची. वकिलातीत एका संगणकासमोर बसवतात. तो प्रश्न विचारतो आणि आपण त्याला तोंडाने उत्तर द्यायचं. गलेलठ्ठ पगारावर बोलावलेल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या बायकांना परीक्षा नाही. पगार वाढला की डचची गरज कमी होते, असा तिकडचा काहीतरी शोध असावा.

त्यांतली एक नसीम, रोह्याची. सासर-माहेरची निम्मी माणसं आखातात, पण हिचा नवरा मात्र फिरत फिरत रॉटरडॅमच्या बंदरात जाऊन पोचलेला. पोरगी हुशार. वाचायची, लिहायची, मोबाइलवर धडे करायची. पण संगणकाने प्रश्न विचारला की दातखीळ. दोनदा नापास झाली. "उत्तर येतं सर," ती रडकुंडीला येऊन म्हणायची, "पण तोंडातून भायेर नाय येत." सासरचे विचारायला लागले होते, की ही जाणार हाय की नाय.

त्याच सुमारास एके दिवशी श्रीरंगचा फोन आला. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली होती, कारखाना श्रीरंगच बघत होता. "काका, जरा येता का? आई काहीतरी म्हणतेय आणि चिडतेय. कळत नाहीये."

वहिनींना विसरायला होतंय हे ठाऊक होतं. आधी माणसांची नावं गेली, मग भाजीची. आता एकेक करत मराठीच गेली होती. सगळ्यात शेवटी आलेली पाहुणी सगळ्यात आधी उठून गेली. मी गेलो तेव्हा सून हातात चहाचा कप घेऊन उभी, श्रीरंग घामाघूम, आणि वहिनी खुर्चीत बसून डचमध्ये ओरडतायत. मी ऐकलं आणि सांगितलं, "त्यांना लघवीला जायचंय, आणि तुम्ही वर चहा पाजताय."

श्रीरंगने आईला हात धरून उठवलं आणि बायकोच्या स्वाधीन केलं. पन्नाशी उलटलेला माणूस, आईशी जन्मभर मराठीत भांडलेला, आणि आता आईला लघवीला जायचंय हे त्याला सांगायला रामवाडीहून दुभाष्या बोलवावा लागतो. "ही माझ्याशी पुन्हा बोलणार नाही का हो?" त्याने विचारलं.

मी जात राहिलो. पण मी पडलो त्यांचा विद्यार्थी. त्या माझ्याशी फक्त चुका काढायला बोलायच्या, आणि मग थकून झोपायच्या. तेव्हा मी नसीमला म्हटलं, "चल, तुला एक संगणक दाखवतो. उत्तर दिलं नाहीस तर ओरडतो."

पहिल्या दिवशी बुरखा सावरत ती आत आली. वहिनींनी तिला नखशिखान्त पाहिलं आणि म्हणाल्या, "आनेके, कोट कुठाय? सायकलवरून येताना गारठलीस ना?" आनेके ही त्यांची धाकटी बहीण. बाहेर पेणचा मे महिना पेटलेला. नसीमने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. वहिनींनी खुर्चीच्या हातावर चापट मारली, "कोट कुठाय?" आणि नसीमच्या तोंडून सबंध डच वाक्य बाहेर पडलं, "सायकलवरून नाही, मी एसटीने आले!"

त्यानंतर तिचं तोंड बंद झालं नाही. दोघी साखरेवरून भांडायच्या, पावसावरून भांडायच्या, आनेकेने केव्हातरी फोडलेल्या कुठल्याशा बरणीवरून भांडायच्या. न फोडलेल्या बरणीची माफी नसीमने चांगल्या डचमध्ये मागितली. वहिनी जेवायला लागल्या, हसायला लागल्या. श्रीरंग दारात उभा राहून बघायचा. आपलीच आई, आणि आपल्याला तिच्याकडे जायला वाट नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असायचं.

नसीम पास झाली. पेढे घेऊन आली तेव्हा सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. ती गेल्यावर श्रीरंग मला ओट्यावर घेऊन बसला. "काका, तुम्हाला म्हणून सांगतो. मी बाप्पाकडे मागितलं होतं की ती नापास होऊ दे. आणखी एकदाच, म्हणजे ती आईपाशी राहील. एवढे गणपती केले ह्या हातांनी, आणि मागितलं काय, तर हे." त्याचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "बाप्पाला मराठी कळतं रे, काय मागतोयस ते कळलं, म्हणूनच त्याने ऐकलं नाही." तो हसला, पण हसण्यात जीव नव्हता.

नसीम गेली आणि कारखान्यामागच्या वहिनींच्या खोलीत पुन्हा शांतता झाली. रॉटरडॅमहून तिचा फोन आला. "सर, हिते कोणी माझ्याशी डच बोलतच नाय. मी तोंड उघडलं की इंग्रजी चालू करतात. एक दुकानवाला तर हसला, म्हणाला कुठल्या आजीकडे शिकलीस, असं माझी आजी बोलायची." बरोबरच आहे. वहिनींची भाषा त्यांनी देश सोडला त्या दिवशी जशी होती तशीच राहिली होती, आणि तीच नसीमने नेली. मग म्हणाली, "पण काम मिळालं हाय, म्हाताऱ्यांच्या घरात. हिते सुरीनामची एक आजी हाय. तिचे लोक फार पूर्वी आपल्याकडून तिकडे मजुरीला नेलेले. ती डच विसरली सर, समदी. आता जुनी हिंदी बोलते. कोणाला कळत नाय, तिच्या मुलीलापण नाय. मना कळतं." म्हणजे जिला देशात घेण्याआधी डच येत नाही म्हणून दोनदा नापास केली, ती तिथे हिंदी येते म्हणून कामाला लागली. मी हसून हसून बेजार झालो.

मग वहिनींचा वाढदिवस आला. मी पेढे घेऊन गेलो. खोलीत पाऊल टाकलं आणि थबकलो. श्रीरंगने खुर्च्या गोल मांडल्या होत्या. सून, तिच्या दोन चुलत जावा आणि कारखान्यातले कामगार हात धुऊन बसले होते, आणि मधल्या खुर्चीत वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. श्रीरंग उठला. लाजेने कान लाल झालेले. त्याने बायकोचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "खेफेलिसिटेर्त." मग कामगाराचा, मग जावेचा. समुद्रात टाकलेल्या भाषेतला एवढा एकच शब्द त्याच्या हाती लागला होता, आणि तोही तो भयंकर म्हणत होता.

चौथ्या हाताला वहिनींनी मान वळवली. "असं नाही," त्या डचमध्ये म्हणाल्या, आणि तोंड मोठं करून शब्द म्हणून दाखवला. "पुन्हा." श्रीरंगने माझ्याकडे न बघता पुन्हा म्हटला. "पुन्हा." त्याने पुन्हा म्हटला. मग वहिनी माझ्याकडे वळून काहीतरी बोलल्या.

"काय म्हणाली?" श्रीरंगने विचारलं.

धंद्यात कधी एक शब्द गाळला नव्हता. त्या दिवशी गाळावासा वाटला. पण ज्यांनी मला न गाळायला शिकवलं त्या समोरच बसल्या होत्या. मी सांगितलं, "म्हणाल्या, पोरगा मठ्ठ आहे, पण शिकेल. कोणाचा हा?"

श्रीरंग खुर्ची ओढून आईच्या समोर बसला.

"सांगा तिला," तो म्हणाला, "शिकवणीला आलोय म्हणावं. उद्यापासून रोज येतो."

मी सांगितलं. वहिनींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"वेळेवर," त्या म्हणाल्या.